अर्थ शब्दाहून सोपा हवा

नमस्कार श्रोतेहो. लहान मूल विचारतं, ‘ब्रेव्ह म्हणजे काय?’ आपण म्हणतो, ‘शूर.’ लगेच पुढचा प्रश्न, ‘शूर म्हणजे?’ इथे आपली गाडी अडते. आजचा मुद्दा लक्षात ठेवा: अर्थ हा शब्दाहून सोपा हवा.

यावरून मला सॅम्युअल जॉन्सन आठवतात, आणि ते आठवले की त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी १७४६ मध्ये त्यांच्यावर इंग्रजी शब्दकोश रचायचं काम सोपवलं. जॉन्सन म्हणाले, तीन वर्षांत पुरा करतो. एका स्नेह्यानं हटकलं, ‘अहो, फ्रेंच अकादमीच्या चाळीस विद्वानांना त्यांच्या भाषेचा कोश करायला चाळीस वर्षं लागली!’ जॉन्सननी तिथल्या तिथे हिशेब मांडला: चाळीस चाळीस सोळाशे. म्हणजे इंग्रजाचं फ्रेंचाशी प्रमाण तीनाला सोळाशे! प्रत्यक्षात लागली नऊ वर्षं. मदतीला सहा लेखनिक होते तरी. असो, फुशारकी मारणारी माणसं निदान कामाला तरी लागतात. नम्र माणसं कधीकधी नुसतीच नम्र राहतात.

तर १७५५ मध्ये कोश आला. दोन भले थोरले खंड, ४२,००० हून जास्त शब्द. त्यात ‘नेटवर्क’ हा शब्द बघा. साधं जाळं हो! पण जॉन्सननी अर्थ काय दिला? सारख्या अंतरावर रेटिक्युलेटेड किंवा डिकसेटेड असलेली, छेदांच्या मधोमध इंटरस्टिसेस असलेली कुठलीही वस्तू. ऐकणाऱ्याला घाम फुटावा. बरं, रेटिक्युलेटेड म्हणजे काय म्हणून पानं उलटावीत, तर तिथे लिहिलंय: नेटवर्कचं बनलेलं! फिरून तिथेच. आणि गंमत अशी, की सोपा शब्द वापरल्याशिवाय अवघड शब्द उलगडत नाही, पण तसा शब्द दर वेळी सापडतोच असं नाही, हे याच कोशाच्या प्रस्तावनेत जॉन्सननीच लिहून ठेवलंय.

पुढे ज्यांनी बंगालमध्ये शिकवलं होतं, त्या मायकेल वेस्ट यांनी ही गाठ सोडवली. जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर १९३५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कोश काढला. अवघे १,४९० शब्द निवडले आणि सुमारे २४,००० शब्द नि वाक्प्रचारांचे अर्थ तेवढ्यातच सांगितले. १९८७ च्या कोबिल्ड नावाच्या इंग्रजी कोशात तर अर्थ पूर्ण वाक्यात आले.

घरी हेच करा. ‘भीती वाटत असूनही जो पुढे होतो, तो ब्रेव्ह.’ पूर्ण वाक्य, ओळखीचे शब्द. पुन्हा सांगतो, पूर्ण वाक्य, ओळखीचे शब्द. आणि कृपा करून पाच वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला जाडजूड शब्दकोश देऊ नका. तसल्या भेटी देणाऱ्याच्या हौसेसाठी असतात.

एक मात्र सांभाळा. ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच पाठ झालं, तर ‘माय नोज इज रनिंग’ ऐकून मूल धावणारं नाक शोधत बसेल. म्हणून नाक वाहतं, घड्याळ चालतं, नळ सुरू राहतो, या प्रत्येक वेळी रन कसा येतो ते त्या त्या वेळी दाखवा. एका दिवशी एकच.

पुढच्या वेळी ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ घेऊ, त्यांची अदलाबदल मोठी माणसंही करतात. नमस्कार.