मिक्स बॉक्स की एकाच चवीचा?

नमस्कार मंडळी, कसे आहात? आजचा विषय गोड आहे, पण घरात वाद लावणारा आहे. कुणाला तरी चॉकलेटचा बॉक्स द्यायचाय, तुम्ही रॅकसमोर उभे आहात, एका हातात असॉर्टेड म्हणजे आपला मिक्सवाला, प्रत्येक खणात वेगळा तुकडा, आणि दुसऱ्या हातात एकाच चवीचा, सगळे हेझलनट नाहीतर सगळे साधे डार्क. बहुतेक वेळा काय होतं, तर मिक्सवाला उचलायचा, पॅक करून घ्यायचा आणि सुटायचं. त्यातलं काहीतरी आवडेलच की!

माझं म्हणणं असंय की हे "काहीतरी आवडेल" आपण समोरच्याचा विचार करून म्हणत नाही, स्वतःची डोकेदुखी वाचवायला म्हणतो. एकाच चवीचा बॉक्स द्यायला त्या माणसाची आवड माहीत असावी लागते, आणि माहीत नसेल तर विचारावी लागते, तिथेच आपण कंटाळा करतो.

आता गंमत ऐका. स्वतःसाठी घेतानाही आपण असेच फसतो. 1990 मध्ये इटामार सायमनसन नावाच्या संशोधकाने विद्यार्थ्यांना पुढच्या काही तासिकांचा खाऊ एकदम आधीच निवडायला लावला, तर त्यांनी भरपूर विविधता निवडली, आणि ज्यांनी प्रत्येक वेळी त्या-त्या दिवशी निवडला त्यांनी पुन्हापुन्हा आपला आवडीचाच उचलला. म्हणजे दुकानात उभं राहून आपल्याला वाटतं की मला रोज वेगळं हवं, आणि घरी आल्यावर हात मात्र त्याच कॅरॅमलकडे जातो, बाकीचे बिचारे पडून राहतात. मग कुणीतरी ते संत्र्याच्या क्रीमवालं अर्धं चावून बघतं, तोंड वाकडं करतं आणि गुपचूप परत खणात ठेवतं, उष्टं! (नाकारू नका, प्रत्येक घरात एक जण असतो असा.)

यावर उपाय म्हणून झाकणाच्या आत नकाशा द्यायची पद्धत आली, कुठल्या खणात काय आहे ते सांगणारा. अमेरिकेतला व्हिटमन्स सॅम्पलर हा 1912 पासूनचा बॉक्स त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तर मिक्स बॉक्स घेताना नकाशा आहे का ते बघाच, नसेल तर तो लॉटरीचा बॉक्स समजा.

आणि खाण्याचं काय? एकच चव खात राहिलं की तिचा कंटाळा येतो, पण दुसरी चव समोर आली की पोट पुन्हा जागा करतं. बार्बरा रोल्स या आहार-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात यावर बरंच काम केलंय. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की मिक्स बॉक्स एका बैठकीत फस्त होऊ शकतो आणि एकाच चवीचा जास्त दिवस पुरू शकतो. म्हणून पाहुणे जमलेत, ऑफिसमध्ये फिरवायचाय, तिथे खुशाल मिक्स घ्या, तिथे तोच बरोबर आहे, कारण दहा जणांच्या दहा आवडी आणि बॉक्स संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायलाच हवा. पण एकट्या माणसाला, जो रात्री जेवल्यावर एकच तुकडा खातो, त्याला मिक्स का?

त्याला तर टिकण्याचाही प्रश्न येतो, आणि हे फार कमी लोक बघतात. साधं भरीव डार्क चॉकलेट नीट ठेवलं तर कित्येक महिने काही होत नाही, पण ज्याच्या आत ताज्या क्रीमचं गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं मऊ सारण आहे त्यात पाण्याचा अंश असतो, ते काही आठवड्यांतच संपवायला लागू शकतं. मिक्स बॉक्समध्ये हे दोघं शेजारी बसलेले असतात आणि अख्ख्या बॉक्सची तारीख सगळ्यात नाजूक तुकड्यावर ठरते. वर पेपरमिंट किंवा कॉफीवालं असेल तर त्याचा वास शेजाऱ्यांना लागतो, कारण चॉकलेट वास पटकन ओढून घेतं. नटवाल्या सारणातलं तेल हळूहळू बाहेरच्या कवचात झिरपतं आणि वर पांढुरकी झाक येते, ती बुरशी नसते हं, फेकू नका, फक्त चकाकी गेलेली असते आणि तुकडा जरा मऊ पडतो.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. कुणाला शेंगदाणे, नट्स किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर मिक्स बॉक्स देऊच नका, वरून सगळे तुकडे सारखेच तपकिरी दिसतात, आणि काहींच्या आत दारूही असते. एकाच चवीचा घेतला तरी मागचं लेबल वाचा, "अंश असू शकतो" असं छापलेलं असतं ते शोभेसाठी नाही.

आणि आवड माहीतच नसेल तर? तर आधी छोटा मिक्स द्या, मोठा नाही. पुढच्या भेटीत नुसतं विचारा, "काय आधी संपलं?" आणि पुढच्या वेळी त्याच चवीचा पूर्ण बॉक्स घेऊन जा. अजून एक, मिक्स घेताना तुकडे किती हे मोजू नका, चवी किती ते मोजा, कारण काही बॉक्समध्ये वीस तुकडे असतात आणि चवी चारच, म्हणजे चार-पाच जणांना भांडायला पुरेसे. चला, भेटू पुढच्या वेळी, तोपर्यंत घरात मिक्स बॉक्स उघडा असेल तर त्यातले पेपरमिंटवाले आधी संपवा.