माकडांनी किती टोप्या पळवल्या?

(मंडळाच्या जर्मनीतील वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

टोपीविक्याची गोष्ट इथे बसलेल्या सगळ्यांना येते. दमलेला टोपीविक्या झाडाखाली झोपतो, माकडं टोप्या पळवतात, शेवटी तो वैतागून स्वतःची टोपी खाली आपटतो आणि माकडंही आपटतात. आपल्या शनिवारच्या मराठी वर्गात पाच-सहा वर्षांच्या मुलांचं गणित मी बऱ्याचदा याच एका गोष्टीवर चालवते. कार्यकारिणीने त्याबद्दलच बोलायला सांगितलंय. स्वयंपाकघरातून वास यायला लागलाय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

आपण मोठी माणसं 8 − 3 हे खरं गणित समजतो आणि गोष्ट म्हणजे त्याला वरून लावलेली झालर. लहान मुलांचं उलट असतं. त्यांना वजाचं चिन्ह कळत नसतं, पण आठ टोप्यांतल्या तीन माकडांनी नेल्या तर काय होतं ते ती करून दाखवतात. आम्ही टोप्या म्हणून पाण्याच्या बाटल्यांची झाकणं घेतो. आठ मांडायची, तीन माकडांना द्यायची, राहिलेली मोजायची. पाच! इथपर्यंत सगळे खूश. घरीही बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी मजा तर पुढे आहे.

आता तीच गोष्ट जरा फिरवा. टोपीविक्याकडे 8 टोप्या होत्या, झोपून उठला तर 5च उरल्या. माकडांनी किती पळवल्या? आकडे तेच, पण मुलं इथे अडखळतात, कारण नेमकी मधली घडलेली गोष्ट दिसत नाही. आणखी एकदा फिरवा. टोपीविक्याने झोपण्याआधी टोप्या मोजल्याच नव्हत्या. आता 3 माकडांच्या डोक्यावर आहेत, 5 गाठोड्यात. आधी किती होत्या? हा सगळ्यांत अवघड प्रकार, कारण झाकणं मांडायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. शिवाय ‘पळवल्या’ ऐकलं की ‘वजा’ असं पाठ केलेलं मूल इथे हमखास 5 मधून 3 काढतं.

म्हणून सांगते, ‘उरले म्हणजे वजाबाकी, एकूण म्हणजे बेरीज’ असली युक्ती मुलांना शिकवू नका. पहिलीत ती चालते, नंतर गळ्याशी येते. फ्रान्समध्ये ग्रनोबलला साधारण 1980च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या मुलांना एक उदाहरण घातलं होतं: बोटीवर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 मुलांपैकी 76 जणांनी आकडेमोड करून वय काढलं! जर्मन शिक्षक अशा उदाहरणांना आजही ‘कप्तानाची गणितं’ म्हणतात. ही मुलं ढ नव्हती. गणितातली गोष्ट खरी मानायची नसते, आकडे उचलायचे आणि काहीतरी करून टाकायचं, हे त्यांना शाळेने नीट शिकवलं होतं.

तुलनेचं तर विचारूच नका. 8 माकडं आणि 5 टोप्या मांडून ‘माकडं टोप्यांपेक्षा कितीने जास्त?’ असं विचारा. उत्तर येतं, ‘आठ!’ आता विचारा, ‘प्रत्येक माकडाने एकेक टोपी घेतली तर किती माकडांना टोपी मिळणार नाही?’ मुलं झाकणं एकेका माकडासमोर ठेवतात आणि सांगतात, तीन. टॉम हडसन या अमेरिकी संशोधकाने 1983 साली पक्षी आणि अळ्या घेऊन हेच दाखवलं होतं. ‘कितीने जास्त’ विचारल्यावर बालवाडीतल्या चारांतल्या जेमतेम एकाला जमलं, ‘किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही’ म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांना. मूल चुकलं की आपण लगेच ‘याचं गणित कच्चं’ म्हणून मोकळे होतो, प्रश्नाकडे बघत नाही.

इथल्या शाळांमध्ये पहिलीपासून मुलांना हिशेबाच्या गोष्टी रचायला लावतात, रेशेनगेशिश्टन. आम्ही तेच मराठीत करतो. मागे एकाने रचली: आजीने पुण्याहून 10 लाडू पाठवले. रात्री बाबांनी 4 खाल्ले. बाबा म्हणाले, मी 2च खाल्ले. आता फळ्यावर 10 − 4 लिहायचं की 10 − 2, यावर वर्गात जुंपली. एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘डबा उघडून मोजा ना.’ (बाबा आज सभागृहात आहेत. नाव सांगणार नाही.)

मुलांच्या वजाबाकीच्या गोष्टीत नेहमी कोणीतरी काहीतरी खातं, नाहीतर हरवतं. त्यांना अशीही एखादी गोष्ट द्या, जिच्यात काहीच जात नाही: ताई 7 वर्षांची, मी 4 वर्षांचा, ताई कितीने मोठी? कोणाचंच वय कमी झालं नाही, तरी 7 − 4.

दहा ओलांडताना मात्र टोप्या बाजूला ठेवा आणि अंडी घ्या. जर्मनीत दहा अंड्यांचा खोका मिळतो, हे आपलं भाग्य. खोक्यात 8 अंडी आहेत, कोंबडीने आणखी 5 दिली. दोन अंड्यांनी खोका भरला, तीन दुसऱ्या खोक्यात गेली. दहा आणि तीन. पुढे दुसरीत हातचा येतो तेव्हा हा भरलेला खोकाच तो, हे मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.

वीसच्या पुढच्या आकड्यांची घाई नको. एक गंमत मात्र सांगते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! आपल्या इथल्या मुलांना ‘एकवीस’ म्हणण्याची अडचण निम्मीच. मराठीसारखंच जर्मनमध्येही एकक आधी आणि दशक नंतर म्हणतात, त्यामुळे बाप्पाचे एकवीस मोदक त्यांना दोन्ही भाषांत सारखेच मोजता येतात. 27 ऐवजी 72 लिहिणं मात्र दोन्हीकडे होतं. त्याने घाबरून जाऊ नका.

घरी यासाठी वेगळा तास लावायची गरज नाही. झोपवताना एक गोष्ट सांगा आणि मध्येच एक आकडा गाळा. उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणू नका, ‘मग टोपीविक्याने काय केलं?’ विचारा आणि त्याला मांडू द्या. बोटं वापरली तर वापरू द्या. आजी पेरांवर मोजायला शिकवत असेल तर उत्तमच, एका हातावर बारा होतात.

बाकी पुढच्या शनिवारी वर्गाला येताना मुलांबरोबर झाकणं आणि दहा अंड्यांचे दोन रिकामे खोके पाठवा. सहाचे नकोत, मागच्या वेळी ते आले आणि हातच्याचा सगळा घोटाळा झाला.