सोनेरी फितीवरची निळी रेघ : परम विशिष्ट सेवा पदकाची गोष्ट

(दृश्य : रायसीना टेकडी, संध्याकाळ. राष्ट्रपती भवनाचा घुमट.)

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी संरक्षण दलांच्या सन्मानांची यादी जाहीर होते. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत शौर्यपदकं सगळ्यात वर असतात, आणि ती तिथेच असायला हवीत. गोळीबारातून जखमी साथीदाराला उचलून आणणाऱ्या जवानाची हकिगत चार ओळींत सांगता येते आणि ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो.

त्याच यादीत पुढे आणखी तीन मथळे असतात. परम विशिष्ट सेवा पदक. अति विशिष्ट सेवा पदक. विशिष्ट सेवा पदक. त्यांच्याखाली नावांच्या रांगाच रांगा. हुद्दा, नाव, दल, एवढंच. आपण पान उलटतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

आजची आपली गोष्ट या रांगांची आहे.

(दृश्य : पदकाचं जवळून चित्रण. पुढची बाजू, मग मागची.)

परम विशिष्ट सेवा पदक गोल आहे, ३५ मिलिमीटर व्यासाचं, सोन्याचा मुलामा दिलेलं. पुढच्या बाजूला पाच टोकांचा तारा, मागच्या बाजूला आपली राजमुद्रा आणि वर देवनागरीत पदकाचं नाव. फीत सोनेरी, तिच्या मधोमध गडद निळी रेघ. अति विशिष्ट सेवा पदक चांदीचं असतं आणि त्याच्या फितीवर दोन रेघा असतात. विशिष्ट सेवा पदक कांस्याचं, त्यावर तीन. फितीवरच्या रेघा मोजून मान ठरवायला जाल तर फसाल, कारण इथे हिशेब उलटा आहे. रेघ जितकी कमी, तितका मान मोठा.

आणि हा मान किती मोठा आहे?

भारत सरकारच्या पदकांचा एक मानक्रम ठरलेला आहे. आधी भारतरत्न, मग परमवीर चक्र, अशोक चक्र, पद्मविभूषण, पद्मभूषण, त्यानंतर सर्वोत्तम युद्ध सेवा पदक आणि लगेच परम विशिष्ट सेवा पदक. महावीर चक्राचा क्रमांक याच्यानंतरचा आहे. पद्मश्री त्याच्याही खाली.

(दृश्य : जनरल अरुणकुमार वैद्य यांचं छायाचित्र.)

अलिबागच्या मातीतले जनरल अरुणकुमार वैद्य यांचं उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धात असल उत्तर आणि चीमा इथे डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचं नेतृत्व त्यांनी केलं. समोर पाकिस्तानचे नवे पॅटन रणगाडे होते आणि आपल्याकडे त्याहून जुने शर्मन. त्या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये शकरगढच्या आघाडीवर बसंतर नदीलगतच्या सुरुंगक्षेत्रातून त्यांनी आपली चिलखती ब्रिगेड पलीकडे नेली आणि महावीर चक्र दुसऱ्यांदा मिळालं. पुढे ते लष्करप्रमुख झाले. अशा माणसाच्या नावापुढे अधिकृत कागदावर पहिलं काय लिहिलं जातं? पीव्हीएसएम. म्हणजे परम विशिष्ट सेवा पदक. दोनदा जिंकलेलं महावीर चक्र त्याच्यानंतर येतं.

काहींना हे खटकतं. रणांगणावर जीव पणाला लावणं मोठं, की वर्षानुवर्षं नेकीनं केलेली कामगिरी मोठी? मला विचाराल, तर ही तुलनाच करू नये. शौर्याची एक घटका असते, तिला साक्षीदार असतात. सेवेला अशी घटका नसते. एखादी तुकडी हिवाळाभर उंच ठाण्यावर राहून धडधाकट खाली उतरली, तर त्यामागे कुणीतरी बूट, रसद, औषधं आणि प्रशिक्षण यांवर दहा वर्षं डोकं खपवलेलं असतं. काहीही अघटित झालं नाही, हेच त्याचं यश. बातमी तरी कशाची होणार?

(दृश्य : जुनी राजपत्रं, टंकलिखित कागद.)

इतिहास थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या सैनिकांना ब्रिटिश पदकं मिळत. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख भारतीय होते : कोल्हापूरचे शंकरराव थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ, म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, हा ब्रिटिश सन्मान मिळाला. स्वातंत्र्यानंतर परमवीर, महावीर आणि वीर चक्र आली. सेवेसाठीचं स्वतंत्र पदक मात्र २६ जानेवारी १९६० ला सुरू झालं. तेव्हा त्याचं नाव एकच होतं, विशिष्ट सेवा पदक, आणि त्याचे तीन वर्ग होते : पहिला, दुसरा, तिसरा. २७ जानेवारी १९६७ ला हे वर्ग गेले आणि आजची तीन नावं आली. त्याच दिवशी अशोक चक्राचे वर्गही जाऊन कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही नावं रुजू झाली. चांगलंच झालं. छातीवर आयुष्यभर ‘तिसरा वर्ग’ मिरवायला कुणाला आवडेल?

सुरुवातीची वीस वर्षं युद्धकाळातली कामगिरीही याच पदकात धरली जाई. १९७१ मध्ये पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ असलेले जे. एफ. आर. जेकब पीव्हीएसएमचे मानकरी. त्याच युद्धातल्या सेवेसाठी हवाई दलाच्या डॉक्टर पद्मा बंदोपाध्याय यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. जून १९८० मध्ये युद्धकाळातल्या सेवेसाठी वेगळी मालिका सुरू झाली : सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा पदक. कारगिलच्या वेळी हवाई दलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख असलेले एअर मार्शल विनोद पटनी यांना सर्वोत्तम युद्ध सेवा पदक देण्यात आलं. २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतरच्या यादीत या पदकाचं नाव पुन्हा ऐकू आलं.

(दृश्य : हिमनदी. वाऱ्याचा आवाज. इथे निवेदन सावकाश.)

आता एका माणसाकडे जरा निवांत पाहू.

कर्नल नरेंद्र कुमार. कुमाऊँ रेजिमेंट. लष्करात सगळे त्यांना ‘बुल’ म्हणत. १९६१ मध्ये नीलकंठ शिखराच्या मोहिमेत हिमदंशानं त्यांच्या पायाची चार बोटं गेली. एवढं झाल्यावर डोंगर सोडला असता, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी सोडला नाही. १९६५ मध्ये भारताच्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे ते उपनेते होते. १९७७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराच्या तुकडीनं कांचनगंगा सर केलं, तेही ईशान्येकडच्या अवघड धारेवरून.

त्याच सुमाराची गोष्ट. कुमार गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे प्रमुख होते. एका जर्मन साहसवीराकडे त्यांना अमेरिकेत छापलेला एक नकाशा दिसला. त्या नकाशात अख्खी सियाचीन हिमनदी पाकिस्तानच्या बाजूला दाखवलेली होती.

इथे थोडा भूगोल हवा. १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंतच आखली गेली. त्यापुढे काय? करारात एवढंच होतं, की तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे. कारण अशा उजाड बर्फात कोण कशाला जाईल, असं तेव्हा वाटलं असावं. पण परदेशी नकाशांत या बिंदूपासून सरळ काराकोरम खिंडीपर्यंत रेघ ओढली जाऊ लागली आणि परदेशी गिर्यारोहक पाकिस्तानच्या परवानगीनं त्या भागात चढायला येऊ लागले. एखाद्या भूमीवर चढाईचे परवाने कोण देतो, हे पुढे पुरावा म्हणून मांडता येतं.

कुमारांच्या हे लक्षात आलं. तो नकाशा घेऊन ते दिल्लीत लष्करी कारवाया विभागाचे प्रमुख ले. जन. एम. एल. छिब्बर यांच्याकडे गेले. परवानगी मिळाली. १९७८ मध्ये त्यांनी सियाचीनवर पहिली मोहीम नेली आणि १९८१ मध्ये दुसरी, सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या त्या हिमनदीच्या मुखापासून थेट माथ्यापर्यंत. वाटेत साल्तोरो कांगरी आणि सिया कांगरी ही शिखरं त्यांच्या तुकडीनं सर केली. नकाशे दुरुस्त केले, छायाचित्रं काढली. आधीच्या परदेशी तुकड्यांनी मागे टाकलेले डबे आणि वेष्टनंसुद्धा नोंदवून ठेवली, कारण तिथे कोण येऊन गेलं याचा तोच पुरावा होता. या मोहिमांमध्ये एकही गोळी झाडावी लागली नाही.

१३ एप्रिल १९८४. ऑपरेशन मेघदूत, म्हणजे सियाचीन ताब्यात घेण्याची भारताची मोहीम. कुमाऊँ रेजिमेंटचे जवान बिलाफोंड ला खिंडीवर उतरले, तेव्हा तो प्रदेश आपल्याला अनोळखी नव्हता. तिथल्या वाटा, घळी, तंबू ठोकण्याजोग्या जागा बुल कुमारांनी आधीच चालून कागदावर उतरवल्या होत्या. सियाचीनवरच्या एका तळाला आज त्यांचंच नाव आहे, कुमार बेस.

कीर्ती चक्र, पद्मश्री, अति विशिष्ट सेवा पदक आणि परम विशिष्ट सेवा पदक हे सगळे सन्मान त्यांना मिळाले. पीव्हीएसएम सहसा लेफ्टनंट जनरल, व्हाइस ॲडमिरल, एअर मार्शल या हुद्द्यांवरच्या अधिकाऱ्यांना मिळतं. कर्नलच्या छातीवर ते दिसणं अतिशय दुर्मीळ. ३१ डिसेंबर २०२० ला कुमार गेले. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक धडा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, बाहेरून.)

या यादीत डॉक्टर पुष्कळ असतात, परिचारिका अधिकारीही असतात. नियमातच तसं आहे : तिन्ही दलं, प्रादेशिक सेना, राखीव दलं आणि लष्करी परिचर्या सेवा, सगळे पात्र. हे पदक मरणोत्तरही देता येतं.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे एएफएमसीतून शिकून पुढे तिथेच प्रमुख झालेल्या पुनिता अरोरा या लेफ्टनंट जनरल झालेल्या पहिल्या महिला. लष्करी रुग्णालयांत स्त्रियांच्या कर्करोगासाठी आणि दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी सोयी उभारल्या, म्हणून त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. मे २००२ मध्ये जम्मूजवळ कालूचक इथे जवानांच्या कुटुंबांवर दहशतवादी हल्ला झाला. तिथल्या जखमींना तातडीनं उपचार मिळवून दिल्याबद्दल त्यांना सेना पदकही मिळालं. परम विशिष्ट सेवा पदक पुढे आलंच.

माधुरी कानिटकर याही एएफएमसीच्याच. त्या बालरोगतज्ज्ञ, त्यातही लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या विकारांच्या जाणकार. सैनिक सीमेवर असताना त्याचं मूल डायलिसिसवर असेल, तर त्याचं लक्ष कुठे लागणार? अशा मुलांसाठी लष्करी रुग्णालयांत उपचारांची व्यवस्था उभी करण्यात कानिटकरांची अनेक वर्षं गेली. लेफ्टनंट जनरल हुद्द्यापर्यंत पोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. त्यांचे पती राजीव कानिटकरही त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. विशिष्ट, अति विशिष्ट आणि परम विशिष्ट ही तिन्ही पदकं माधुरीताईंकडे आहेत. निवृत्तीनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या.

(दृश्य : गणवेशावरच्या फितींची रांग.)

फिती वाचता आल्या, की एखाद्या अधिकाऱ्याची सगळी कारकीर्द छातीवर दिसते. पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांचंच पाहा. जम्मू-काश्मीरमध्ये बटालियनचं नेतृत्व केल्याबद्दल सेना पदक. नागालँडमध्ये आसाम रायफल्सचे महानिरीक्षक असताना विशिष्ट सेवा पदक. स्ट्राइक कोअरच्या, म्हणजे चढाईसाठी राखलेल्या मोठ्या सैन्यदलाच्या नेतृत्वासाठी अति विशिष्ट. शेवटी परम विशिष्ट. तरुण कर्नलपासून लष्करप्रमुखापर्यंतचा सगळा प्रवास.

ही शिडी पायरी-पायरीनंच चढावी लागते, असं मात्र नाही.

(दृश्य : टोकियो, भालाफेकीचं मैदान.)

७ ऑगस्ट २०२१. चौथ्या राजपुताना रायफल्सचे सुभेदार नीरज चोप्रा यांनी ८७.५८ मीटर भाला फेकून ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. विशिष्ट सेवा पदक त्यांना २०२० मध्येच मिळालं होतं. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी परम विशिष्ट सेवा पदक जाहीर झालं. सुभेदार, म्हणजे जेसीओ, जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा. अवघ्या २४ व्या वर्षी, ज्येष्ठ जनरलांच्या रांगेत.

या पदकाला हुद्द्याची अट नाही, हे नीरजच्या नावानं सगळ्या देशाला दिसलं. शिफारस युनिटपासून सुरू होते, वरच्या मुख्यालयांची चाळणी पार करत मंत्रालयात जाते आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनं नाव पक्कं होतं. तरी परम आणि अति विशिष्टच्या यादीत वरचेच हुद्दे भरलेले असतात. मोठा निर्णय घेण्याचा अधिकार वरच्या माणसाकडे असतो, हे मान्य. पण वर्षानुवर्षं सियाचीनच्या हेलिकॉप्टरची देखभाल करणारा हवालदार, हजारो रंगरुटांना घडवणारा सुभेदार, अतिदक्षता विभागात रात्री काढणारी परिचारिका, यांची नावं या यादीत अधिक यावीत, अशी माझी ठाम इच्छा आहे.

आणि जोडीला आणखी एक मागणी. प्रत्येक नावासोबत कामगिरीच्या दोन-तीन ओळी प्रसिद्ध व्हाव्यात, आपल्या सगळ्या भाषांमध्ये. जिथे गुप्तता पाळावी लागते, तिथे ती पाळली जावी. पण रुग्णालयं, प्रशिक्षण केंद्रं, डोंगरातले रस्ते, क्रीडा विभाग यांच्या कामात लपवण्यासारखं फार थोडं असतं. सुरुवात तिथून करता येईल, अगदी येत्या जानेवारीपासून.