परकीय मदत आणि हिशेबाची दिशा

(धुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

परकीय मदतीने गरिबी हटते का, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद अनेक दशके चालू आहे. मदत अपुरी पडते म्हणून देश गरिबीत अडकून राहतात, असे जेफ्री सॅक्स मांडतात. उलट, मदतीच्या पैशावर चालणाऱ्या सरकारला जनतेच्या संमतीची गरज उरत नाही आणि तेथेच कारभार बिघडू लागतो, असे २०१५ सालचे नोबेल मानकरी अँगस डीटन यांचे म्हणणे आहे. माझा कल डीटन यांच्याकडे आहे. मात्र दोष पैशाचा नसून त्या पैशाचा हिशेब कोणापुढे मांडला जातो याचा आहे, असे मला वाटते, आणि माझे हे मत बव्हंशी खानदेशातल्या अनुभवावरच बनलेले आहे.

काँगोचे, म्हणजे तेव्हाच्या झाईरचे, मोबुटू १९६५ ते १९९७ सत्तेवर होते. शीतयुद्धात ते पाश्चात्त्यांच्या गोटात राहिले, एवढ्यावर त्यांना पैसा मिळत गेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने तेथे पाठवलेले अधिकारी एर्विन ब्लूमेन्थाल यांनी १९८२ मध्ये लेखी इशारा दिला होता की तेथील भ्रष्टाचार पाहता सावकारांचा पैसा परत मिळण्याची आशा नाही. तरीही कर्जे चालूच राहिली. कर देणाऱ्या शेतकऱ्याची किंवा व्यापाऱ्याची मर्जी सांभाळण्याची ज्या राज्यकर्त्याला गरजच पडत नाही, तो रस्ते आणि शाळा कशासाठी बांधील?

भारताची गोष्ट इतकी टोकाची नव्हती. १९५६ पासून पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकन गहू रुपयांत मिळू लागला आणि शहरांतली रेशन दुकाने त्यावर चालली. भूक भागली, हे मान्य केलेच पाहिजे. पण स्वस्त परदेशी धान्य हाताशी असल्यामुळे शेतीत पैसा घालण्याचा निर्णय सरकारला लांबणीवर टाकता आला, हेही तितकेच खरे आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन एकेक महिन्यापुरते धान्य मोकळे करू लागले, तेव्हा त्या सवलतीची किंमत दिल्लीला कळली. त्याच काळात कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे मागवले.

याच्या शेजारी १९७२ चा दुष्काळ ठेवून पाहा. तुमच्यापैकी ज्येष्ठांना मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, ती भाकरी आठवत असेल, आणि गिट्टी फोडण्याची, पाझर तलावांची, नालाबांधांची कामेही. त्या कामांमागची रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि तिच्यासाठी पैसा उभा राहिला तो बराचसा शहरी नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसायकरातून. योजनेत खोटी मस्टरे, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, भरली गेली, मजुरी रखडली, हे सगळे घडले. परंतु मजुरांना तहसील कचेरीवर मोर्चा नेता येत होता, आमदारांना सभागृहात प्रश्न विचारता येत होता, आणि विधिमंडळाची स्वतंत्र समिती कामांची तपासणी करत होती. चोरी पकडण्याची सोय घरातच होती. त्यासाठी परदेशी शिष्टमंडळाची वाट पाहावी लागत नव्हती.

आता नर्मदाकाठाकडे येऊ. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. महाराष्ट्रातली बुडिताची ३३ गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तेव्हा ती धुळे जिल्ह्यात होती. नंदुरबार जिल्हा १९९८ चा. त्या गावांतली कितीतरी भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होती, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. त्यामुळे कागदोपत्री ते अतिक्रमणदार ठरले, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचा हक्क अतिक्रमणदाराला कसा लागू करायचा, यावर वर्षानुवर्षे झगडावे लागले. पुनर्वसनाच्या अटी कर्जाच्या करारात होत्या. त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम बँकेचे होते. पण मणिबेलीसारख्या बुडितातल्या गावातल्या माणसाने बँकेकडे दाद मागावी, अशी कोणतीही वाट नव्हती. सरकार बँकेला अहवाल देत होते आणि बँक आपल्या संचालकांना. ज्यांचे घर पाण्याखाली जाणार होते, त्यांना अहवाल देणारे कोणीच नव्हते. गावांनी लढा दिला, तो जगभर पोहोचला, आणि बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटले की आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी निरीक्षण मंडळ स्थापले. आज जगाच्या पाठीवर कुठल्याही देशातले बाधित लोक तेथे तक्रार करू शकतात, त्याचे मोठे श्रेय सातपुड्यातल्या आणि नर्मदाखोऱ्यातल्या आदिवासींचे आहे. खानदेशाच्या शाळांतून हा इतिहास शिकवला जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते. धरण मात्र थांबले नाही, हेही सांगितले पाहिजे. बाहेरचा पैसा गेला आणि त्याबरोबर बाहेरची देखरेखही गेली.

मदत सत्कारणी लागल्याची उदाहरणेही आहेत. युरोपीय समुदायाने फुकट दिलेली दूधपावडर आणि बटर ऑईल व्हर्गीस कुरियन यांनी वाटून टाकले नाही. १९७० पासून त्याचे दूध करून विकले आणि आलेल्या पैशातून शेतकऱ्यांचे दूधसंघ उभे केले. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग ब्रिटिश अनुदानाचा होता. त्या सरकारने प्रत्येक देणगीदाराचा प्रकल्प स्वतःच्या राष्ट्रीय योजनेत बसवून घेतला आणि जो पुढे स्वखर्चाने चालवता येणार नाही तो नाकारला. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांसाठी केंद्राने पाठवलेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते. मग पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांत छापल्या गेल्या, शाळांच्या भिंतींवर लावल्या गेल्या, आणि काही वर्षांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर गेले. पालकाला आकडा कळला, की मुख्याध्यापकाला आणि जिल्हा कचेरीला उत्तर द्यावेच लागते.

आरोग्याचा पैसा मी वेगळा मोजतो. अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या एचआयव्ही कार्यक्रमामुळे आफ्रिकेत लाखो जीव वाचले, आणि कारभार सुधारेपर्यंत त्या रुग्णांना थांबायला सांगणे अमानुष ठरले असते. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत अचानक गोठवली, तेव्हा त्या दवाखान्यांची काय अवस्था झाली हे आपण वाचले आहे. दुसऱ्या देशातल्या निवडणुकीवर आपल्या रुग्णाची गोळी अवलंबून असणे हा जॉन्सन यांच्या गव्हापेक्षाही क्रूर प्रकार आहे.

भारतही आता देणारा देश आहे. इतर देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देणारा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून चालतो आणि एक्झिम बँक या सरकारी आयात-निर्यात बँकेमार्फत आफ्रिकेतल्या अनेक सरकारांना आपण कर्जे देतो. त्या कर्जातून होणाऱ्या धरणाचा किंवा साखर कारखान्याचा करार तेथील गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळावा, आणि त्यांची तक्रार ऐकणारे मंडळ दिल्लीत असावे, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत लावून धरली पाहिजे. पुढच्या निवडणुकीत ते मते मागायला येतील, तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवा.