आलेले पत्र आणि पोचलेले पत्र

(छत्रपती संभाजीनगर येथे मराठवाड्यातील गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

मी सेवेत होतो तेव्हा तालुक्याच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळणारा लिपिक आलेले टपाल नोंदवहीत चढवायचा, शाळांच्या खणांत टाकायचा, आणि त्याच्या लेखी काम तिथे संपायचे. आज ती वही आहे. पण पत्र वहीत चढण्याआधीच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअ‍ॅप समूहावर येऊन पडलेले असते, त्याखाली चार अंगठे उमटलेले असतात, आणि ते शाळेपर्यंत पोचले असे आपण सगळेच धरून चालतो. पत्र येणे वेगळे आणि पोचणे वेगळे. या दोहोंच्या मधल्या जागेवर आपल्याला बसवलेले आहे, म्हणून त्या जागेबद्दलच मी बोलणार आहे.

शाळेकडे येणारा कागद एका ठिकाणाहून येत नाही. मंत्रालयातून शालेय शिक्षण व क्रीडा विभागाचा शासन निर्णय किंवा परिपत्रक येते. पुण्याहून शिक्षण आयुक्तालय, प्राथमिक आणि माध्यमिकची संचालनालये, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांची पत्रे येतात. समग्र शिक्षा या योजनेचे काम मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडून येते. आणि त्यावर जिल्हा परिषदेची स्वतःची पत्रे असतातच. दोनशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाला या सगळ्यांचे वजन सारखेच वाटते, कारण प्रत्येकावर ‘अतितात्काळ’ लिहिलेले असते. त्यांतला धोरण ठरवणारा कागद कोणता, त्या धोरणाची कार्यपद्धती सांगणारा कोणता आणि केवळ माहिती मागणारा कोणता, हे वेगळे करून सांगणे हे आपले पहिले काम आहे. ते न करता आपण ‘आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी’ असे एक वाक्य जोडून कागद खाली ढकलतो. हे वाक्य मीही शेकडो वेळा लिहिले आहे. उचित म्हणजे काय, हे मला कळलेले नसे तेव्हा तर हमखास.

शासन निर्णय वाचण्याचीही एक रीत आहे. आपल्यापैकी बहुतेक जण थेट शेवटच्या पानावर जातात, तारीख पाहतात आणि पुढे पाठवतात. माझा आग्रह असा की सुरुवातीला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली जे जुने निर्णय दिलेले असतात ते आधी पाहावेत, कारण नवा निर्णय जुन्याला पूर्णपणे अधिक्रमित करतो की त्यातला एखादाच परिच्छेद बदलतो, हे तिथूनच उलगडत जाते. शेवटी संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. समूहावर फिरणारा कागद खरा की खोटा, चालू की जुना, याचा संशय आला तर तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे केंद्रप्रमुखाने घालवली तर त्याच्याकडच्या सगळ्या शाळांचा गोंधळ वाचतो.

या दक्षतेची गरज किती आहे हे २०२५ च्या उन्हाळ्याने दाखवून दिले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. आपल्याकडच्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि दुसऱ्याच दिवशी, १७ जूनला, सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द होता, आणि वर्गातील किमान २० विद्यार्थ्यांनी दुसऱ्या भारतीय भाषेची इच्छा दर्शवली तर तिची सोय करण्याची तरतूद होती. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करत असल्याचे जाहीर झाले आणि अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे ठरले. भाषेच्या वादात मी इथे शिरत नाही. माझा प्रश्न साधा आहे: जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या केंद्रातल्या किती शाळांना यातला शेवटचा कागद माहीत होता, आणि किती शाळा अजून एप्रिलच्याच कागदावर वेळापत्रक आखत होत्या?

त्यातली २० विद्यार्थ्यांची अट आपल्या भागात कशी वाचायची, हा आणखी वेगळा विषय होता. आपल्या कित्येक वस्त्यांवर पहिलीचा अख्खा पट आठ-दहाचा असतो; तिथे ही अट म्हणजे नसलेला पर्याय होता. देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात मूल घरातून तेलुगू घेऊन येते, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड, बंजारा तांड्यावरून गोरमाटी बोली, आणि परभणी-नांदेडमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. मुंबईत लिहिलेल्या वाक्याचा इथे काय अर्थ होतो, हे वर लेखी कळवणे हाही अंमलबजावणीचाच भाग आहे. कागद वरून खाली येतो त्याच वाटेने तो खालून वरही जाऊ शकतो, हे आपण विसरून गेलो आहोत.

शाळेच्या वेळेबद्दल थोडक्यात. ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. आपल्या खेड्यांतल्या शाळा एरवी दहाच्या सुमारास भरतातच. खरा प्रश्न शहरांतल्या दोन सत्रांच्या शाळांचा होता, आणि मार्चनंतर छपराचे पत्रे तापू लागल्यावर सकाळची शाळा भरवण्याच्या आपल्या जुन्या रिवाजाचा. नेमक्या या मुद्द्यावर मार्गदर्शन मागणारी पत्रे किती तालुक्यांतून गेली असतील, हे आपले आपणच मनाशी मोजावे.

आता ज्या शब्दासाठी मी इथे आलो त्या शब्दाकडे येतो. तो शब्द आहे ‘निरंक’, म्हणजे कळवण्यासारखे काहीच नाही.

जुलै २०२२ मध्ये ५ ते २० तारखेदरम्यान ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ राबवले गेले. घरोघर जाऊन शाळाबाह्य मुले शोधायची, असा आदेश होता, आणि हेतूबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. पण बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत जुलैमध्ये मुले गावातच असतात. दसरा होतो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघू लागतात, आणि दिवाळीच्या आसपास अर्धा वर्ग पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर असतो. पटसंख्या मोजण्याची तारीख ३० सप्टेंबर. तेव्हाही मुले हजर. म्हणजे जुलैतला निरंक अहवाल खरा, सप्टेंबरची संख्या खरी, आणि नोव्हेंबरमधला रिकामा वर्गही खराच. एकाही कागदावर खोटे लिहिलेले नाही, तरी मूल शाळेत नाही.

माझ्या सेवेत असेच एक हिवाळ्यातले पत्र आले होते: महिनाभराहून अधिक काळ सलग गैरहजर असलेल्या मुलांची माहिती आजच्या आज सादर करावी. दुपारी चारपर्यंत माझ्या गटातल्या बहुतेक केंद्रांचे निरंक जमा झाले आणि मी त्यांवर सही केली. आठवड्याने एका शाळेला भेट दिली तेव्हा तिसरीच्या वर्गात चार मुले बसली होती आणि हजेरीपत्रकावर सतरा होती. मुख्याध्यापकांना विचारले, तर ते म्हणाले, “साहेब, आकडा दिला की लगेच खुलासा मागतात.” त्यांचे चुकले असे मला तेव्हाही म्हणता आले नाही, कारण तो खुलासा माझ्याच सहीने गेला असता.

स्थलांतरित मुलांसाठी आपल्याकडे दोन साधने आहेत. मुलांना गावातच ठेवायचे तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणारे हंगामी वसतिगृह, आणि मूल आईबापाबरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे ते दाखवून तिथल्या शाळेत बसता यावे असा कागद. यांतले पहिले साधन वेळेवर अवलंबून आहे: टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी मिळालेले वसतिगृह फक्त कागदावर भरते. म्हणून प्रस्तावाची तारीख पत्रात जी असेल ती असो. आपल्या गावच्या टोळ्या कधी निघणार हे ऑगस्टमध्येच मुकादमाला विचारून ठेवावे आणि त्या तारखेपासून मागे मोजत यावे. हमी पत्रकाचे तर त्याहून सोपे आणि त्याहून दुर्लक्षित. पत्रक दिले, संख्या कळवली, काम झाले, असे आपण मानतो. कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कोणत्या तालुक्यात मूल गेले आणि तिथल्या केंद्रप्रमुखाला कुणी फोन केला का, हा रकाना कुठल्याच नमुन्यात नसतो. तो आपण आपल्या वहीत आखून घ्यावा.

त्याच तिसरीच्या वर्गातली एक मुलगी गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली. तिने दप्तरातून हमी पत्रक काढून गुरुजींच्या हातात दिले. आमच्या शाळेचा शिक्का त्यावर होता. दुसऱ्या शाळेच्या शिक्क्याची जागा कोरी होती, आणि कागदाची घडी आम्ही दसऱ्याला घालून दिली होती तशीच होती.