पट्टीवरची तारीख आणि माळ्यावरचा उन्हाळा

(दृश्य: बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडतो. आत गोळ्यांच्या पट्ट्या.)

या पट्टीत चार गोळ्या उरल्यात, तारीख मात्र कात्रीने गेली. गोळ्या काढायच्या त्या तारीख छापलेल्या टोकाच्या उलट बाजूने. सुट्या घेतल्या तर बिल डब्यातच ठेवायचं. बॅच नंबर आणि एक्सपायरी बहुतेक बिलांवर असते.

दुसऱ्या पट्टीवर ‘08/2026’. म्हणजे 31 ऑगस्टपर्यंत चालेल. पण ही हमी सीलबंद औषधाची, तीही लेबलवरच्या तापमानात. लेबल म्हणतं 30 अंशांखाली. मे महिन्यात अकोल्यातला माळा ते ऐकत नाही.

कोकणात उन्हापेक्षा दमट हवा वाईट. पट्टीतून सोडवून डबीत भरलेल्या ॲस्पिरिनला पावसाळ्यात आंबूस, व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. ओलाव्याने ॲस्पिरिन मोडतं आणि ॲसिटिक ॲसिड सुटतं. तारीख कितीही पुढची असो, ती गोळी टाकायची.

(दृश्य: लहान मुलांचं अँटिबायोटिक. बाटलीच्या तळाशी पांढरी पावडर.)

आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या जरा खालपर्यंत घालून हलवायचं. फेसामुळे पातळी खुणेला टेकल्यासारखी वाटते आणि इथेच फसगत होते. फेस बसला की पातळी उतरते. मग पुन्हा खुणेपर्यंत पाणी. नाहीतर प्रत्येक 5 मिलीत औषध जास्त जातं.

पाणी पडलं की पावडरची तारीख विसरायची. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं मिश्रण फ्रिजमध्ये साधारण 7 दिवस, कारण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड पाण्यात भराभर मोडतं. ‘पुढच्या तापाला होईल’ म्हणून राखलेली अर्धी बाटली कामाची नाही.

डोळ्यांचे थेंब उघडल्यावर बहुधा 28 दिवस. उघडल्याची तारीख बॉलपेनने बाटलीवरच लिहा, खोक्यावर नको; खोकं आधी हरवतं.

(दृश्य: फ्रिजचं दार.)

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की वितळून स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही. चालू बाटली फ्रिजबाहेर साधारण 4 आठवडे टिकते, 30 अंशांखाली. फ्रिज नसेल तर मडक्यात मडकं, मधे ओली वाळू. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी उडतं आणि आतलं मडकं गार राहतं. रत्नागिरीत तेच मडकं फारसं गार होत नाही, हवेतच इतका ओलावा असतो.