टोक तेच, शेपूट बदलतं

स्क्रीनवरची ही इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती जरा नीट बघा. ही अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड, म्हणजे शरीरात शिरलेल्या जंतूला पकडणारं प्रथिन. आकार जेमतेम 10 नॅनोमीटर. आत चार साखळ्या आहेत, दोन जड, दोन हलक्या, आणि सल्फरच्या बंधांनी त्या एकमेकींना बांधलेल्या असतात.

हे कळलं कसं, तर 1959 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी पपईच्या चिकातलं पपेन, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, वापरून हा रेणू तोडला, तीन तुकडे पडले, दोन अगदी सारखे आणि जंतूला चिकटणारे, तिसरा मात्र चिकटेचना पण त्याचे स्फटिक व्हायचे. अमेरिकेत जेराल्ड एडलमन यांनी साखळ्याच सुट्या करून दाखवल्या. 1972 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता वायच्या एका हाताच्या टोकाशी जाऊ. इथे सहा बारीक वळणं दिसतात, तीन जड साखळीची, तीन हलकीची. जंतू ओळखायचा तो इथेच. आणि पकडल्यावर पुढे काय करायचं ते ठरवते खालची शेपटी, तिच्यावरूनच पाच वर्ग पडलेत.

इन्फेक्शन झालं की पहिला येतो आयजीएम हा वर्ग, पाच वाय एकत्र जोडलेले, म्हणजे दहा टोकं. एकेकाची पकड तशी ढिली, पण दहा ठिकाणी धरलं की जंतू सहजासहजी सुटत नाही.

मग मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट घडते. अँटिबॉडी बनवणारी रक्तातली पांढरी पेशी, म्हणजे बी पेशी, स्वतःच्या डीएनएचा मधला तुकडा कापून टाकते आणि शेपटीच बदलते, टोक ओळखतं तोच जंतू, फक्त काम नवीन! आयजीजी झाला तर रक्तात फिरणार, रक्तातल्या अँटिबॉडीजपैकी साधारण 75 टक्के हाच असतो. आयजीए झाला तर अश्रू, लाळ, आईचं दूध. आयजीई अगदी थोडा, पण ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या मास्ट पेशींवर शेपटी रोवून बसतो आणि ॲलर्जीत शिंकांची रांग लागते ती ह्याच्यामुळे. आयजीडी बहुतेक करून बी पेशींच्या अंगावरच सापडतो.

आणि हे बाळ बघा, आत्ताच जन्मलंय. ह्याच्या रक्तातला आयजीजी जवळजवळ सगळा आईचा, वारेतून आलेला, कारण वार ओलांडून जाणारी शेपटी फक्त त्याचीच. पुढच्या काही महिन्यांत तो संपत जाईल, आणि तोवर बाळाच्या बी पेशी स्वतःचा बनवायला लागलेल्या असतील.